दोष बॅटरीचा नव्हता: कर्ली खाडीतल्या एका जुन्या बोटीचं वायरिंग

पार्श्वभूमी

ही बोट चोवीस फुटी, फायबरची. देवबागच्या बाजूला कर्ली खाडीत नांगरलेली असते. मालकाचं आणि बोटीचं नाव इथे देत नाही, आणि ओळख पटेल असे बारीक तपशीलही गाळले आहेत. वीसेक वर्षांपूर्वी ती मासेमारीसाठी बांधली. पुढे गावात पर्यटक वाढले तेव्हा तिच्यावर छप्पर चढलं, बाकं आली आणि ती डॉल्फिन दाखवायला, त्सुनामी आयलंडला आणि भोगव्याला जाऊ लागली. आत दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, त्यावर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, आणि इंजिनाशेजारी तळाला ठेवलेली १२ व्होल्टची, ८० अँपिअर-तासांची एकच बॅटरी.

बांधली तेव्हा तिच्यात विजेची तीनच कामं होती: स्टार्टर, दिवे आणि तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा बिल्ज पंप. नंतरच्या वर्षांत हॉर्न, म्युझिक सिस्टीम, मोबाईल चार्जर, छपराला एलईडी पट्ट्या, जीपीएस आणि फिश फाइंडर आले. प्रत्येक वस्तू वेगळ्या माणसाने, वेगळ्या वर्षी, हाताला लागेल त्या तारेने जोडली. मी पाहिली तेव्हा बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर एकावर एक नऊ तारा आवळलेल्या होत्या. मेन स्विच नव्हता. पूर्ण बोटीत दोन फ्यूज होते, तेही गाडीतले, ३० अँपिअरचे.

अडचण

मला बोलावलं ते धुरामुळे. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी नऊ प्रवासी घेऊन भोगव्याहून परतताना सुकाणू आणि स्विच असलेल्या कन्सोलखालून धूर यायला लागला. तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, आधी इंजिनाचा स्टॉप ओढला, मग फळी उचलून पान्याने बॅटरीचा क्लॅम्प सैल केला आणि उपटला. तेवढ्यात ओहोटीचं पाणी बोटीला खाडीच्या मुखाकडे ओढायला लागलं होतं. खलाशाने नांगर टाकला. शेजारून जाणाऱ्या बोटीने दोर दिला आणि सगळे सुखरूप किनाऱ्याला लागले.

तांडेलाने इंजिन बंद केल्यावरच क्लॅम्प काढला, हे मुद्दाम नोंदवतो. चालू इंजिनावर बॅटरी तोडली की अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, तरी त्या घाईत त्याच्या हातून बरोबर क्रमाने झालं.

मालकांची, म्हणजे काकांची, तक्रार मात्र वेगळी होती. "दोन वर्सात ही तिसरी बॅटरी. तरी सकाळी इंजिन उचलणा नाय," असं ते पहिल्या दिवशी म्हणाले. त्यांच्या मते धूर हा चार्जरच्या खराब तारेचा, आणि बॅटऱ्या हल्ली टिकत नाहीत ही वेगळी गोष्ट. म्हणून ते दर वेळी नवी बॅटरी घालत होते. माझ्या धंद्यात हे सारखं दिसतं. तारेचं पाप बॅटरीच्या माथी बसतं, कारण बॅटरी दिसते, विकत मिळते, तासाभरात बदलता येते. तार फळ्यांखाली असते.

तपासणी

धुराचं कारण लगेच सापडलं. चार्जरची पॉझिटिव्ह तार फायबरला पाडलेल्या उघड्या भोकातून नेली होती. ना रबरी बूच, ना नळी. सुकाणूच्या धातूच्या केबलवर घासून घासून तिचं आवरण गेलं आणि शॉर्ट झाला. मध्ये फ्यूज नसल्याने बॅटरीत होता तेवढा करंट त्या बारीक तारेतून वाहिला आणि तिच्यासोबत बांधलेल्या आणखी चार तारा वितळल्या.

मी पुढे अर्धा दिवस मीटर घेऊन एकेक दिवा तपासत बसलो. मग तांडेल सहज बोलून गेला, "पंप चालू झालो की दिवे बारीक होतत." दिवे आणि पंप वेगवेगळ्या तारांवर होते. पॉझिटिव्ह वेगळी असूनही एकाने ओढल्यावर दुसरा मंदावत असेल, तर दोघांचा परतीचा रस्ता एक आहे आणि तो खराब आहे. दिवे, पंप, हॉर्न, सगळ्यांची निगेटिव्ह एकाच तारेने परत येत होती आणि ती पाण्याच्या पातळीला असलेल्या एका जोडावर टेपने गुंडाळलेली होती.

तो जोड सोडवला. टेपच्या आत पाणी होतं. तांब्याच्या जागी हिरवट भुकटी, बोटाने चोळली तर गळून पडणारी. तार मागे कापत गेलो. बाहेरून आवरण नव्यासारखं लालबुंद, आत मात्र काळी तार. एक वीत कापली, काळीच. दोन विती कापल्या, तरी काळीच. खारं पाणी तारेच्या बारीक पेडांमधून वर चढत जातं, दिव्याची वात तेल ओढते तसं. जिथे जोड भिजला तिथूनच तार खराब होते असं नाही. तिथून आत हातभर ती मेलेली असते आणि वरून काहीच कळत नाही.

मग आकडे घेतले. पंप चालू असताना बॅटरीवर १२.४ व्होल्ट आणि पंपाच्या टोकाशी ९.९. अडीच व्होल्ट वाटेत संपत होते. याचा हिशोब अवघड नाही. स्विच पुढे कन्सोलवर, पंप मागे. जाऊन-येऊन तारेची लांबी १४ मीटर, जाडी १ चौरस मिमी. तांब्याचा रोध मीटरला साधारण ०.०१७५ ओहम धरला, तर एकूण ०.२४५ ओहम होतात. पंप ८ अँपिअर ओढतो, म्हणजे जवळजवळ २ व्होल्ट निव्वळ बारीक तारेत गेले. उरलेला अर्धा व्होल्ट कुजलेल्या जोडांनी खाल्ला. पंप फिरत होता, आवाजही येत होता, पण पाणी जेमतेम फेकत होता.

सगळं बंद करून बॅटरीच्या वाटेत मीटर लावला तर ०.३८ अँपिअर वाहत होते. चोवीस तासांत ९ अँपिअर-तास. चार-पाच दिवस बोट उभी राहिली की ८० ची बॅटरी अर्ध्यावर. अशी वारंवार उतरलेली बॅटरी वर्षभर टिकणं कठीणच. यातला काही करंट म्युझिक सिस्टीमच्या मेमरीचा होता, पण बराचसा तळातल्या ओल्या जोडातून पाण्यात चालला होता. त्याचा पुरावा बोटीखाली होता. पंख्याच्या दांड्यावरची, दांड्याऐवजी स्वतः झिजणारी जस्ताची वडी पूर्वी अख्खा सीझन टिकायची, ती यंदा दोन महिन्यांत संपली होती. वडी संपली की करंट दांड्याला आणि पंख्याला खातो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काकांना हवा होता: जळालेल्या पाच तारा बदलायच्या, चार फ्यूज घालायचे, एका दिवसात बोट पाण्यात. दुसरा, बॅटरीपासून कन्सोलपर्यंतचं सगळं नवं करायचं आणि बऱ्या दिसणाऱ्या जुन्या तारा ठेवायच्या. तिसरा, बोट रिकामी करून पहिल्या तारेपासून नवं काम.

दुसरा पर्याय कागदावर शहाणपणाचा वाटतो आणि बऱ्याच बोटींना तो पुरतोही. इथे मी तो बाद केला, कारण "बरी दिसणारी" तार कशी निघते ते नुकतंच पाहिलं होतं. आणखी तीन ठिकाणी आवरण सोलून बघितलं. दोन ठिकाणी काळी निघाली.

तिसऱ्याला काकांचा विरोध पैशांचा नव्हता, वेळेचा होता. "आता सगळा खोललंस तर ऐन सीझनात बोट उभी रवतली." खरंच होतं. वर्षाची कमाई एप्रिल-मेमध्ये होते. मेअखेरीस पावसाआधी पर्यटनाच्या बोटी बंद होतात आणि मग थेट सप्टेंबर.

शेवटी काम दोन टप्प्यांत करायचं ठरलं. एप्रिलमध्ये एका दिवसात सगळ्या जादा वस्तू बॅटरीवरून तोडल्या. म्युझिक, चार्जर, एलईडी, फिश फाइंडर, सगळं बंद. फक्त स्टार्टर, पंप, दिवे आणि हॉर्न ठेवले. पंपाला आणि दिव्यांना तात्पुरती नवी तार उघड्यावरून टाकली, प्रत्येकाला फ्यूज आणि बॅटरीशेजारी मेन स्विच बसवला. अट एकच घातली: सूर्य मावळायच्या आत बोट किनाऱ्याला. गाणी नसली की पर्यटक कुरकुरतात, हे काकांनी दोनदा सांगितलं. धुराच्या वेळी बोटीत लहान मूल होतं, हे तांडेलाने एकदाच सांगितलं, आणि तिथे चर्चा थांबली.

तारेचा प्रश्न

पूर्ण कामासाठी सर्वात जास्त वाद तारेवर झाला. बाजारात घरगुती वायरिंगची तार सहज मिळते; ती बोटीत घालूच नये. जाड आणि मोजक्या पेडांची तार इंजिनाच्या थरथरीने जोडापाशी मोडते. काकांनी बोअरवेलची सबमर्सिबल केबल सुचवली. किनाऱ्यावर बरेच जण ती वापरतात, कारण तिचं आवरण पाण्यात टिकतं. पण आतलं तांबं उघडंच असतं. टोकाशी पाणी शिरलं की तिचीही तीच गत.

मी कथिलाचा मुलामा दिलेली, बारीक पेडांची मरीन तार मागत होतो. काकींना ते एका वाक्यात पटलं. त्यांच्या घरात तांब्या-पितळेची भांडी आहेत. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी कळकते हे त्यांना सांगावं लागत नाही. ही तार म्हणजे प्रत्येक पेडाला कल्हई केलेलं तांबं. साध्या तारेच्या दुपटीहून महाग पडली आणि बाहेरून मागवावी लागली.

जाडी ठरवताना अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचं ई-११ हे मानक धरलं. आपल्याकडे लहान बोटींना ते बंधनकारक नाही, पण त्यामागचा विचार स्वच्छ आहे. मुख्य तारा आणि नेव्हिगेशन दिवे यांच्या वाटेत ३ टक्क्यांपेक्षा जास्त व्होल्टेज गळू नये, बिनमहत्त्वाच्या वस्तूंना १० टक्के चालतील. पंपाला मी ३ टक्क्यांतच बसवलं. कन्सोलवरून हाताने चालवायच्या त्याच १४ मीटरच्या वाटेला ६ चौरस मिमीची तार घेतली की गळती २ व्होल्टवरून एक तृतीयांश व्होल्टवर येते. आपोआप चालणारी वाट तर कन्सोलपर्यंत नेलीच नाही. बॅटरी, फ्यूज, पाणी चढलं की तरंगून पंप लावणारा फ्लोट स्विच, पंप, सगळं मागच्या मागे.

प्रत्यक्ष काम

जूनच्या पहिल्या आठवड्यात बोट झापाखाली घेतली. आधी प्रत्येक तारेचे फोटो काढले आणि वहीत आकृती. मग जुन्या तारा ओढून काढताना प्रत्येकीच्या टोकाला जाळ्याची नायलॉन दोरी बांधली, म्हणजे तार बाहेर येताना दोरी आत जाते आणि नवी तार तिच्याच मागे ओढता येते. पाच ठिकाणी हे जमलं. सहाव्या ठिकाणी तार फोममध्ये चिकटलेली होती आणि तुटली. डेक कापायचा की नवी वाट शोधायची? डेक कापला तर पाणी शिरायला कायमची जागा होते. आम्ही काठाच्या आतल्या बाजूने पीव्हीसीची नळी नेली आणि सर्वात खालच्या जागी तिला भोक ठेवलं, आत आलेलं पाणी निघून जावं म्हणून.

बॅटऱ्या दोन केल्या. एक फक्त इंजिन उचलण्यासाठी, दुसरी बाकी सगळ्याला. दोन्ही तळापासून हातभर वर, पेटीत, पट्ट्याने आवळलेल्या, खुंटांवर झाकण. चार्ज होताना हायड्रोजन निघतो म्हणून पेटीला वरून वाट. दोघींना जोडायला एक-दोन-दोन्ही असा फिरता स्विच स्वस्त पडला असता. पण तो "दोन्ही"वर विसरला की दोन्ही बॅटऱ्या एकत्र उतरतात. म्हणून व्होल्टेज पाहून आपोआप जोडणारा रिले घेतला. इंजिन चालू होऊन व्होल्टेज १३.३ च्या वर गेलं की तो दोघींना जोडतो, १२.८ च्या खाली आलं की सोडतो. तांडेलाला काही लक्षात ठेवावं लागत नाही.

दुसऱ्या बॅटरीपासून निघणाऱ्या मुख्य तारेचा फ्यूज बॅटरीपासून वितीच्या आत बसवला. इथला फ्यूज वस्तूला वाचवायला नसतो, तारेला वाचवायला असतो. फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधला तुकडा कुणीच राखत नाही, म्हणून तो जितका आखूड तितका बरा.

बिल्ज पंप मेन स्विचच्या आधीच जोडला. रात्री सगळं बंद करून माणसं घरी जातात. पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो त्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी येतच असतं. त्या वेळी पंपाला वीज हवीच. त्याला स्वतःचा फ्यूज, पंपाच्या अंगावर लिहिला आहे तेवढाच. ३० चा घातला तर पंखुडीत दोरी अडकल्यावर फ्यूज उडणार नाही, मोटर जळेल.

जोडांबद्दल आमच्यात दोन मतं होती. माझ्यासोबतचा मदतनीस जुन्या वळणाचा, प्रत्येक जोडाला डाख लावणारा. डाख वाईट नाही, पण तो जिथे संपतो तिथे तार ताठ होते आणि थरथरीने नेमकी तिथेच मोडते. आम्ही रॅचेटच्या पकडीने तारांच्या टोकांना धातूचे लग दाबले, प्रत्येक जोड हाताने ओढून पाहिला आणि वरून आतून गोंद असलेली नळी तापवून चिकटवली. तार जिथे पेटीत शिरते तिथे खाली एक झोळ ठेवला, म्हणजे तारेवरून येणारं पाणी पेटीत न शिरता त्या झोळाच्या बुडाशी पागोळीसारखं गळतं. दर हातभर अंतरावर पट्टी, प्रत्येक भोकाला रबर.

दिवे बदलून एलईडीचे घातले. १२ मीटरपेक्षा लहान यंत्रबोटीचा लाल आणि हिरवा दिवा किमान १ सागरी मैलावरून आणि पांढरा २ मैलांवरून दिसला पाहिजे, हे १९७२ च्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत आहे. जुने दिवे तिथवर पोचत होते असं मला वाटत नाही.

निकाल

काम अकरा दिवस चाललं, मध्ये पावसामुळे चार दिवस वाया. ऑगस्टअखेर बोट पाण्यात उतरवून आम्ही सगळं बंद केलं आणि तळात बादल्यांनी खाडीचं पाणी ओतलं. सातव्या बादलीला फ्लोट उचलला आणि पंपाने धार फेकली. काका ती धार बघत राहिले. पंपाच्या टोकाशी १२.१ व्होल्ट होते, बॅटरीवर १२.४. सगळं बंद असताना गळती ०.०१ अँपिअर, म्हणजे मीटरवर जेमतेम दिसणारी.

पुढच्या सीझनभर बॅटरी बदलावी लागली नाही. जस्ताची वडी मेमध्ये काढली तेव्हा अर्ध्याहून जास्त शिल्लक होती. हा आकडा माझ्या दृष्टीने सर्वात मोलाचा, कारण पाण्यात करंट गळत नाही याची ती रोजची साक्ष आहे.

पण दोन गोष्टी घडल्या. नोव्हेंबरमध्ये म्युझिकचा फ्यूज उडाला. बोटीत ५ चा जादा फ्यूज नव्हता, खलाशाने जवळचा २० चा घातला आणि गाणी सुरू झाली. मला हे तीन आठवड्यांनी कळलं. आणि जानेवारीत फ्लोट स्विचखाली वेफर्सचं पाकीट अडकलं. पंप रात्री लागला नाही, सकाळी फळ्यांना पाणी टेकलेलं होतं.

आज केलं तर

तांडेलाशी आधी बोलेन. बोट रोज हाताळणाऱ्या माणसाच्या एका वाक्याने माझा अर्धा दिवस वाचला असता.

एप्रिलचा तात्पुरता टप्पा घ्यावा की नाही, यावर माझं मन अजून पूर्ण बसलेलं नाही. त्या सहा आठवड्यांत काही झालं नाही, पण कुजलेल्या तारांचे गठ्ठे फळ्यांखाली तसेच होते, फक्त तोडलेले. पुन्हा तसाच प्रसंग आला तर निदान पंपाची आणि दिव्यांची तार उघड्यावरून नेतानाच कायमच्या दर्जाची टाकेन, म्हणजे जूनमध्ये तीच आत सरकवता येईल.

छपराच्या एलईडीला मी काकांचं ऐकून सबमर्सिबल केबल टाकली होती. वर आहे, कोरडी राहील, पैसे वाचतील, असा विचार. लाटेचे तुषार छपरापर्यंत येतात. दुसऱ्या पावसाआधीच त्यातला एक जोड काळा निघाला. वाचलेले पैसे दुसऱ्यांदा मजुरीत गेले.

पॅनेलवरच्या पट्ट्या मी सवयीने इंग्रजीत छापल्या होत्या. रात्री हेडलाइटच्या उजेडात तांडेल अक्षरं लावत बसतो हे पाहिल्यावर त्या काढून मराठी लावल्या: पंप, डावा-उजवा दिवा, पांढरा दिवा, भोंगा. फ्यूजच्या पेटीशेजारी प्रत्येक मापाचे दोन-दोन जादा फ्यूज झाकणाच्या डबीत ठेवले आणि प्रत्येक जागेखाली त्याचा आकडा रंगाने लिहिला. झाकणाच्या आतून आकृती लॅमिनेट करून चिकटवली.

वेफर्सच्या पाकिटानंतर फ्लोटभोवती जाळीचा पिंजरा केला आणि पंपाच्या फ्लोटपेक्षा चार बोटं वर दुसरा फ्लोट बसवला. तो पंपाला नाही, एका घंटेला जोडलेला आहे. तांडेलाचं घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. घंटा तिथवर ऐकू येते का हे आम्ही रात्री दहाला वाजवून पाहिलं. तो दार उघडून बाहेर आला.